हायड्रोजन बंधाची तोकडी व्याख्या

एनसीईआरटीच्या अकरावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात हायड्रोजन बंधावर एक लहानसा विभाग आहे. नायट्रोजन, ऑक्सिजन आणि फ्लुओरिन ही अतिशय विद्युतऋण मूलद्रव्ये. त्यांपैकी एखाद्याला जोडलेल्या हायड्रोजनवर अंशतः धन प्रभार येतो आणि तो दुसऱ्या विद्युतऋण अणूकडे ओढला जातो, असे तेथील विवेचन आहे. ते आटोपशीर आहे आणि बऱ्याच ठिकाणी पुरेसेही पडते. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, तर त्याच गटातले हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंशांच्या आसपास. हा फरक त्यावरून चांगला समजावता येतो.

अडचण येते ती बारावीत. राउल्टच्या नियमापासून होणारे ऋण विचलन शिकवताना त्याच संस्थेचे पुस्तक सांगते की, क्लोरोफॉर्म आणि अ‍ॅसिटोन यांच्यात हायड्रोजन बंध होतो. पण क्लोरोफॉर्ममधला हायड्रोजन तर कार्बनला जोडलेला असतो! अकरावीचा धडा नीट लक्षात ठेवलेला विद्यार्थी येथे गोंधळणारच, आणि त्याचा गोंधळ रास्त आहे.

चूक बारावीच्या पुस्तकाची नाही. अ‍ॅसिटोन सुमारे ५६ अंशांना व क्लोरोफॉर्म सुमारे ६१ अंशांना उकळते. त्यांचे एका ठरावीक प्रमाणातील मिश्रण मात्र ६४ अंशांच्याही थोडे वर उकळते. दोन्ही एकत्र केल्यास उष्णताही बाहेर पडते. रेणू एकमेकांना धरून ठेवतात याची ही साक्ष आहे. (हे मिश्रण वर्गात करून दाखवू नये. अल्कलीचा अंश असल्यास अभिक्रिया उग्र होते.)

तीन मूलद्रव्यांच्या या चौकटीने संशोधकांनाही अडवले आहे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या व लंडनमध्ये काम करणाऱ्या जून सटर यांनी १९६२-६३ मध्ये कॅफीनसारख्या पदार्थांच्या स्फटिकरचनांवरून दाखवले की, कार्बनला जोडलेला हायड्रोजनही ऑक्सिजनशी बंध करतो. १९६८ मध्ये जेरी डोनोह्यू यांनी हा दावा फेटाळला. डोनोह्यू साधेसुधे टीकाकार नव्हते. डीएनएतील बेसेसची योग्य रूपे वॉटसन यांना त्यांनीच दाखवून दिली होती. त्यामुळे सटर यांचे म्हणणे बराच काळ मागे पडले. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांकडून विखुरले जातात आणि हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन एकच. म्हणून त्या पद्धतीने हायड्रोजनची जागा अचूक ठरत नसे. न्यूट्रॉन अणुकेंद्राकडून विखुरले जातात. अशा न्यूट्रॉन विवर्तनाने तपासलेल्या ११३ स्फटिकरचनांचा आढावा टेलर व केनर्ड यांनी १९८२ मध्ये घेतला, आणि सटर यांचे म्हणणे खरे ठरले.

२०११ मध्ये आयुपॅक या आंतरराष्ट्रीय संघटनेने हायड्रोजन बंधाची नवी व्याख्या मान्य केली. तिच्यासाठी नेमलेल्या गटाचे प्रमुख बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ई. अरुणन होते. हायड्रोजन ज्याला जोडलेला आहे तो अणू हायड्रोजनपेक्षा अधिक विद्युतऋण असावा आणि बंध झाल्याचा पुरावा मिळावा, एवढीच या व्याख्येची अपेक्षा आहे. मूलद्रव्यांची यादी तिच्यात नाही.

याचा अर्थ तीन नावे पुसून टाकावीत असा नाही. नेहमीचे बळकट हायड्रोजन बंध त्यांच्याच भोवती आढळतात. बर्फातील एक बंध तोडायला दर मोलला २० किलोज्यूलहून थोडी अधिक ऊर्जा लागते. कार्बनवरच्या हायड्रोजनचे बंध बहुधा याहून पुष्कळ दुबळे असतात. मिथेनमधल्या प्रत्येक हायड्रोजनला असा बंध जोडून देणे हीही चूकच ठरेल. बंधांच्या बळाला उतरंड आहे, आणि अकरावीच्या धड्यात तीच दिसत नाही.

शिक्षकांना आमची सूचना एवढीच: व्याख्या लिहून देताना तिच्यात ‘बहुधा’ हा शब्द घालावा, आणि परीक्षेत मूलद्रव्यांची नावे विचारण्याऐवजी ‘येथे बंध आहे हे कशावरून?’ असे विचारावे. उत्कलनांकांचा तक्ता समोर असला, तर अकरावीचा विद्यार्थीही त्याचे उत्तर देऊ शकतो.