उपमेचा राहून गेलेला अर्धा धडा

इंदुरीजवळचा भंडारा डोंगर आणि पलीकडचे देहू ही तुकोबांची भूमी. शेत, बाजार, वजन-मापे अशा रोजच्या गोष्टींतून अवघड विचार सोपा करून सांगण्याची रीत इथे जुनी आहे. तरीही आपल्या वर्गांत उपमा बहुधा खुणेच्या शब्दांवरून शिकवली जाते. ‘सारखा’, ‘जसा’, ‘परी’ दिसले की उपमा. दोन वस्तू एकच मानल्या की रूपक. मूल अलंकाराचे नाव बरोबर लिहिते. साम्य कोणते, हे त्याला क्वचितच विचारले जाते. फरक कोणता, हे तर त्याहूनही क्वचित.

याची किंमत पुढे विज्ञानाच्या तासाला मोजावी लागते. तारेतील वीज नळीतील पाण्यासारखी, असे आपण सांगतो. उपमा उपयोगी आहे: नळी किंवा तार बारीक अथवा लांब असली की अडथळा वाढतो. पण नळी कापली तर पाणी सांडते. तार कापली तर प्रवाहच थांबतो. पुढे ‘सारखी’ गळून ‘विजेचा प्रवाह’ एवढेच उरते, आणि ते रूपक आहे याचाही विसर पडतो. मग दिवा हा प्रवाह ‘पिऊन टाकतो’ असे मुलांना वाटते. वास्तविक दिव्याच्या दोन्ही बाजूंना प्रवाह तितकाच असतो. दिव्यात रूपांतर होते ते ऊर्जेचे.

तेव्हा लहान वयात व्याख्येची घाई नको. फळ्यावर दोन रकाने आखावेत: ‘कुठे जुळते?’ आणि ‘कुठे जुळत नाही?’ सुरुवात चंद्र आणि भाकरीपासून करावी. दोन्ही गोल दिसतात, हे पहिल्या रकान्यात. घटलेला चंद्र पुन्हा वाढतो, खाल्लेली भाकरी वाढत नाही, हे दुसऱ्यात. हा दुसरा रकाना मुलांनीच भरावा.