डेकवर आदळणारी लाट : एका सूत्राची परीक्षा

समुद्रातील तेलफलाटाचे पाय लाटा सोसण्यासाठीच बांधलेले असतात. यंत्रे आणि माणसांच्या खोल्या असलेला वरचा डेक मात्र लाटेच्या वाटेत येऊच नये, अशी अपेक्षा असते. म्हणून अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या संहितेने शंभर वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या लाटेचा माथा आणि डेकचा तळ यांत सुमारे दीड मीटर मोकळी जागा मागितली. पण जुन्या, बुटक्या फलाटांचे काय? २००५ मध्ये कॅटरिना आणि रिटा या वादळांनी मेक्सिकोच्या आखातातील शंभराहून अधिक फलाट नष्ट केले. लाट डेकला भिडल्यास बल किती, हे काढण्याचे एक सोपे सूत्र याच संहितेत १९९०च्या दशकात आले. ते कितपत विश्वासार्ह आहे, हे आपण पाहू.

पाण्याची घनता, डेकचे लाटेत सापडणारे क्षेत्रफळ, वेगाचा वर्ग आणि एक गुणांक यांचा गुणाकार करून निम्मा करायचा. समोरून येणाऱ्या लाटेसाठी मोकळ्या डेकचा गुणांक १.६, मध्यम भरलेल्याचा २ आणि गच्च भरलेल्याचा २.५. कागद-पेन्सिल पुरते, हा या सूत्राचा मोठा गुण आहे.

आता आकडे घालू. डेक ४० मीटर रुंद, पाण्याचा वेग सेकंदाला ८ मीटर, घनता घनमीटरला १०२५ किलोग्रॅम, गुणांक २. लाटेचा माथा शांत पाण्यापासून १५ मीटर उंच असून डेकच्या तळाच्या २ मीटर वर जातो. बल येते सुमारे ५२ लाख न्यूटन, म्हणजे ५३५ टन वजनाइतके. माथा १६ मीटर निघाला तर? उंचीतला फरक सात टक्क्यांहून कमी. पण क्षेत्रफळ दीडपट, म्हणून बलही दीडपट! वेग तोच धरूनही ही स्थिती.

आमचा पहिला आक्षेप येथेच आहे. असे असताना उत्तर म्हणून एकच आकडा देणे दिशाभूल करणारे ठरते. १ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रातील ड्राउपनर फलाटावर १८.५ मीटर उंच माथ्याची लाट मोजली गेली, तीही भोवतालच्या लाटांत एकाएकी उठलेली. दुसरा आक्षेप असा, की हे सूत्र मुळात स्थिर प्रवाहाचे आहे. आदळताना पाण्याचा संवेग क्षणार्धात बदलतो. ती सारी भर बिचाऱ्या गुणांकावर पडते. तिसरे म्हणजे, सूत्र आडवे बल सांगते. लाट मात्र डेकचा तळ आधी वर ढकलते आणि ओसरताना खाली ओढते. कॅप्लान व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये संवेगातील बदलावरून ही बले काढण्याची रीत मांडली. तिच्यात आकडेमोड जास्त आहे, पण ती घटनेच्या अधिक जवळ जाते.

तरीही सोपे सूत्र टाकाऊ नाही. कोणत्या फलाटाकडे आधी लक्ष द्यावे, हे ते सांगते. फलाट सुरक्षित असल्याचा दाखला त्यावरून देऊ नये. नॉर्वेच्या एकोफिस्क क्षेत्रात तेल व वायू उपसल्यामुळे समुद्रतळ खचला आणि डेकखालची जागा घटली, तेव्हा १९८७ मध्ये फलाटांचे डेक ६ मीटर वर उचलण्यात आले. गुणांकाचा घोळ घालत बसण्यापेक्षा हा उपाय खात्रीचा.

वर्गात हे उदाहरण घ्याल तेव्हा उत्तर आल्यावर थांबू नका. ‘माथा एक मीटर चुकला तर?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर घाला.