आभासी संगणक-जाळ्यावरील प्रयोगांची सुलभ मांडणी : मिनिनेटच्या निमित्ताने

संगणक-जाळ्यांच्या अभ्यासात प्रयोगाची मांडणी हाच बहुधा सर्वांत खर्चिक व कंटाळवाणा भाग असतो. संगणक, स्विच व तारा जुळविण्यातच वेळ सरतो आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. या अडचणीवर यूटा विद्यापीठातील एम्युलॅबने एक उत्तर शोधले होते : संशोधकाने जाळ्याची रचना फाइलीत लिहून द्यावी व यंत्रणेने खऱ्या संगणकांतून ते जाळे उभे करावे. लँट्झ, हेलर व मॅक्‌केओन यांनी 2010 मध्ये मांडलेल्या मिनिनेटने हीच सोय एका साध्या लॅपटॉपवर आणली. प्रस्तुत लेखात त्या सोयीची किंमत तपासावयाची आहे.

मिनिनेटमधील प्रत्येक यजमान हा संपूर्ण आभासी संगणक नसतो. तो लिनक्समधील एक प्रक्रिया असतो व तिला केवळ स्वतःची नेटवर्क नेमस्पेस दिलेली असते. त्यामुळे शेकडो यजमान एकाच यंत्रावर मावतात. ‘सुडो एमएन’ एवढी आज्ञा दिली की दोन यजमान, एक स्विच व एक नियंत्रक तयार होतात. मोठी रचना पायथॉनच्या थोड्या ओळींत लिहिता येते. वेळेची बचत हा यातील दुय्यम लाभ मानावा लागेल. प्रयोगाची मांडणी मजकुरात उतरल्यामुळे ती दुसऱ्याच्या हाती जशीच्या तशी देता येते, हे खरे यश होय. पुढे 2012 मध्ये याच मंडळींनी सहकाऱ्यांसह, प्रकाशित संशोधनातील निष्कर्ष इतरांना पुन्हा पडताळता यावेत म्हणून मिनिनेटची सुधारित आवृत्ती मांडली, हे या दृष्टीने स्वाभाविकच होते.

मात्र ज्या गोष्टी लिहाव्या लागत नाहीत, त्या गृहीत धरल्या जातात. मुद्दाम सांगितल्याखेरीज मिनिनेटच्या दुव्यांना वेगाची वा विलंबाची मर्यादा नसते. अशा दुव्यावर ‘आयपर्फ’ने मोजलेला आकडा मुख्यतः त्या लॅपटॉपच्या प्रोसेसरचे सामर्थ्य सांगतो, विद्यार्थी मात्र तो जाळ्याचा वेग म्हणून वहीत उतरवितो. यजमानांची फाइल-व्यवस्थाही सामाईक असते. दोन ‘संगणक’ एकाच नोंदवहीत लिहू लागले तर नवल नाही! याहून गंभीर बाब वेळेची आहे. प्रयोग घड्याळाच्या खऱ्या वेळेत चालतो. प्रोसेसरवर भार वाढला की पॅकेट उशिरा निघते आणि तो उशीर जाळ्याच्या माथी मारला जातो. 2012 च्या आवृत्तीत प्रोसेसरच्या वाटणीवर मर्यादा घालण्याची व प्रयोग विश्वसनीय राहिला की नाही हे तपासण्याची तरतूद सुचविली होती, ती याचसाठी. सुलभतेच्या भरात नेमकी तीच वगळली जाते.

पहिल्या पिंगचे उदाहरण बोलके आहे. त्याला लागणारा वेळ पुढील पिंगांहून बराच अधिक असतो. पत्त्याचा शोध घ्यावा लागतो. शिवाय स्विचपाशी नियम नसल्याने तो नियंत्रकाला विचारतो, आणि नियम बसल्यावर पुढील पॅकेटे थेट जातात. ओपनफ्लोचे सारे तत्त्व त्या एका आकड्यात दिसते. अनेकदा विद्यार्थी तो आकडा ‘चूक’ समजून सरासरीतून काढून टाकतात आणि ‘पिंगऑल’ने दाखविलेली शून्य टक्के गळती तेवढी निष्कर्ष म्हणून लिहितात. ती गळती फार तर एवढेच सांगते की यजमान परस्परांपर्यंत पोहोचतात.