शल्यचिकित्सेतील संशोधन-पुरस्कार आणि अध्यापकीय कारकीर्द : एक चिकित्सा

प्रस्तावना

पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या निवासी शल्यचिकित्सकांना परिषदांमधून उत्कृष्ट शोधनिबंधाचे पुरस्कार दिले जातात. 1938 मध्ये स्थापन झालेली असोसिएशन ऑफ सर्जन्स ऑफ इंडिया व तिच्या राज्यशाखा यांच्या वार्षिक परिषदा ही त्यांची प्रमुख व्यासपीठे होत. या पुरस्कारांतून संशोधक-अध्यापक घडतात, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखक वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नाही. परंतु संशोधनाचे मोजमाप हा सर्वच विद्याशाखांतील प्राध्यापकांचा प्रश्न आहे.

पुरस्कार आणि पदोन्नती

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1968 मध्ये 'मॅथ्यू परिणाम' ही संकल्पना मांडली. ज्याच्या पदरी आधीच मान आहे, त्याच्याच पदरात पुढचा मान पडतो, असा तिचा आशय. जेथे निवडसमिती उमेदवाराचे पूर्वसंशोधन तपासते, तेथे पहिला पुरस्कार पुढची वाट मोकळी करतो. आपल्याकडे मात्र ही साखळी पहिल्याच कडीशी तुटते. 2017 पासून बहुसंख्य अतिविशेष अभ्यासक्रमांचे प्रवेश 'नीट-एसएस' परीक्षेतील गुणांवर होतात. तेथे पुरस्काराला स्थान नाही. पदोन्नतीसाठी भारतीय वैद्यक परिषदेने 2015 मध्ये निर्देशित नियतकालिकांतील शोधनिबंध ग्राह्य धरले, तेही पहिल्या दोन लेखकांपुरते. तात्पर्य, व्यासपीठावर गाजलेला निबंध छापून आला तरच कारकिर्दीच्या उपयोगी पडतो. अन्यथा मानचिन्ह कपाटात आणि प्रबंध ग्रंथालयात, अशी त्याची गत होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एम.एस.चा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून प्रबंध परीक्षेच्या सहा महिने आधी सादर करावा लागतो. या मुदतीत रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा शक्य नसतो. हर्निया पुन्हा उद्भवतो की नाही, हे कळण्यास वर्षे लागतात. साहजिकच लवकर उरकणारे विषय निवडले जातात आणि काही मिनिटांच्या सादरीकरणात त्यांचा निवाडा होतो. सफाईदार बोलणे आणि सखोल शोध यांतील भेद येथे पुसट होतो.

दोंडाईचाचा दाखला

धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचे निर्जंतुक कापड वापरले. सहकाऱ्यांसह केलेला त्यांचा बहुकेंद्री अभ्यास 2003 मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त प्रसिद्ध झाला. पुढे युगांडात 302 पुरुषांवर यादृच्छिक चाचणी झाली. एक वर्षानंतर स्वस्त व महाग जाळीच्या निष्पत्तीत लक्षणीय फरक आढळला नाही. हे निष्कर्ष 2016 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने छापले. डॉ. टोणगावकर हे लहान गावात व्यवसाय करणारे शल्यचिकित्सक. त्यांचा प्रश्न स्पर्धेच्या विषयपत्रिकेतून नव्हे, तर रुग्णाच्या रिकाम्या खिशातून आला होता.

यवतमाळ जिल्ह्यात अशा प्रश्नांची वाण नाही. मळणीयंत्रात सापडलेला हात, सर्पदंशानंतर कुजलेली जखम, पैशाअभावी लांबणीवर पडलेली शस्त्रक्रिया हे येथील खरे विषय. 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. या आजाराचे क्षेत्र शल्यचिकित्सेबाहेरचे असले, तरी स्थानिक प्रश्नाकडे विद्येने वेळीच पाहिले नाही तर किंमत कोण मोजतो, हे त्या घटनेने दाखवून दिले.

निष्कर्ष

पुरस्कार निरर्थक आहेत, असा या विवेचनाचा अर्थ नाही. आडगावातून आलेल्या निवासी डॉक्टरला पहिल्यांदा व्यासपीठ मिळणे, जाणकारांनी त्याला प्रश्न विचारणे, ही मोठीच गोष्ट आहे. तथापि पुरस्कार दोन टप्प्यांत द्यावा. पहिला भाग सादरीकरणाला, तर दुसरा पाठपुरावा पूर्ण होऊन निबंध प्रसिद्ध झाल्यावर द्यावा. रोख रकमेसोबत संशोधनासाठी कामातून मोकळा वेळ मिळावा आणि विषय त्या जिल्ह्याच्या गरजेचा आहे काय, हाही निकष असावा.

आपणही चर्चासत्रांच्या प्रमाणपत्रांच्या फायली सांभाळल्या आहेत. प्रस्तुत लेखकाची एम.फिल. ही पदवीच 2022 च्या नियमांनी बंद झाली. पदव्या आणि गुणांकन बदलत राहते. रुग्णाच्या किंवा विद्यार्थ्याच्या उपयोगी पडलेला शोध तेवढा मागे उरतो.