‘तडीपार’ बोलीचा गायक

पुण्याच्या ताडीवाला रोड वस्तीतला अल्ताफ शेख, म्हणजेच रॅपर एम. सी. स्टॅन, फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘बिग बॉस’चे सोळावे पर्व जिंकला. ३१ लाख ८० हजार रुपये आणि मोटार त्याला मिळाली. त्यानंतर त्याच्यावर जे लिहिले गेले ते बहुतेक एकाच साच्यातले होते : वस्ती, गरिबी, भांडणे आणि शेवटी यश. वाया जाऊ पाहणारा मुलगा वाटेला लागला, हे ऐकून समाजाला बरे वाटते. पण तो कोणत्या भाषेच्या बळावर वर आला, हे फारसे कोणी विचारले नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आम्हाला हाच प्रश्न टोचतो.

२०१९ मध्ये एमीवे बंटाय या रॅपरला उत्तर म्हणून केलेल्या ‘खुजा मत’ने स्टॅन गाजला. २०२० मध्ये त्याचा ‘तडीपार’ हा अल्बम आला, २०२२ मध्ये ‘इन्सान’. ‘तडीपार’ हा शब्द वस्तीला पोलिसांकडून मिळालेला आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली माणसाला दोन वर्षांपर्यंत हद्दीबाहेर काढता येते. वस्तीत ज्या शब्दाने आईच्या पोटात गोळा येतो, तोच शब्द या तरुणाने पाटीसारखा दारावर लावला. लाज वाटावी म्हणून दिलेले नाव त्याने आपल्या कामाला दिले. त्या अल्बमचे संगीतही त्याने स्वतःच रचले.

कुर्ल्याच्या नेझी (नावेद शेख) आणि डिवाइन यांच्या आयुष्यावरून स्फुरलेला झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ २०१९ मध्ये आला. चित्रपट चांगला होता. पण त्यातला मुराद सर्वांना आवडावा असा गुणी मुलगा आहे. स्टॅन असा घासूनपुसून समोर येत नाही. रॅप म्हणजे तालावरचे बोलणे. बोलण्यातला झोक खोटा असला की ताल लगेच चुगली करतो. म्हणून तो मोहल्ल्यात जसा बोलतो तसाच गातो.

ही बोली आपल्या घरातली आहे. ‘नक्को’मध्ये मराठीचा ‘नको’ आहे, ‘इधरीच’मधला ‘च’ही मराठीचाच. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून मराठी आमचीही भाषा आहे, हे आपण ठासून सांगत आलो. ते योग्यच होते. पण मराठी आणि उर्दू यांच्या मधल्या अंगणात जी दखनी खेळते, तिला आपण कथेतल्या संवादापुरतीच आत घेतली. आम्ही शिक्षकांनी तर तिला वर्गातून तडीपारच केले. गंमत अशी, की औरंगाबादच्या वलीचे नाव आम्ही वर्गात अदबीने घेतो. त्याची दखनी वळणाची कविता ऐकून दिल्लीचे फारसीत लिहिणारे शायर आपल्या बोलीकडे वळले, असे शिकवतो. आणि त्याच तासाला मुलाच्या वहीतल्या ‘मेरेकू’भोवती लाल गोल काढतो.

तरीही स्टॅनची भक्ती आम्हाला करायची नाही. बाईचा उल्लेख आला की त्याचे शब्द पुष्कळदा तिला हिणवणारे होतात. वस्तीचे वास्तव म्हणून त्याला माफी देता येणार नाही. त्या वास्तवात वस्तीतल्या मुलीही राहतात, त्याही ही गाणी ऐकतात. शिवाय यश मोजायचे ते गळ्यातल्या साखळीने आणि ऐंशी हजारांच्या बुटांनी, हेही त्याने शिकवले. आमच्या विद्यार्थ्यांनी त्याच्याकडून आधी बूट उचलले. बंद खोलीत एकेक ओळ तालात बसेपर्यंत घेतलेली मेहनत त्यांना दिसली नाही. ती दाखवणे समीक्षेचे काम आहे, आणि शिक्षकाचेही.

त्याच वर्षी नववीच्या एका मुलाने उर्दू निबंधात घरचे भांडण घरच्याच बोलीत लिहिले. आम्ही सवयीने लाल गोल काढले. तो वही घेऊन आला आणि म्हणाला, “सर, वो बोले तो चलता, हम लिखे तो गलतीच?”

बी.एड.ला मातृभाषेतून शिक्षण या विषयावर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती. त्यातले एकही वाक्य तेव्हा कामाला आले नाही. बोर्डाचा पेपर तपासणारा ‘मेरेकू’ला गुण देणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून गोल आम्ही खोडले नाहीत. पण निबंध वर्गात मोठ्याने वाचायला लावला. नेहमी चुळबुळणारा वर्ग शेवटपर्यंत ऐकत होता. गुण मात्र कापलेलेच राहिले, आणि त्या मुलाला आमचे उत्तर अजून द्यायचे आहे.