जोडी, हद्द आणि जबाब

गुन्हेमालिकेच्या पहिल्या भागाला दोन कामं उरकायची असतात. एक मृतदेह सापडला पाहिजे, आणि एकमेकांशी न जमणारे दोन तपासणारे एकाच गाडीत बसले पाहिजेत. पहिलं काम सोपं आहे. मृतदेह कुठेही टाकता येतो, आणि कथा मुंबईची असली तर तो बहुधा आमच्याकडेच टाकला जातो : कसारा घाटातल्या एखाद्या वळणाखाली, माळशेजच्या धुक्यात, नाहीतर एखाद्या धरणाच्या काठाला. शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे दोन तालुके पडद्यावर एवढ्यापुरतेच येतात. मी या भागात शिक्षक म्हणून आयुष्य काढलं, त्यामुळे असा प्रसंग पाहताना माझी नजर मृतदेहावर फार रेंगाळत नाही. कडेला उभ्या असलेल्या बघ्यांच्या घोळक्याकडे जाते. त्यातल्या कोणाला तरी काहीतरी ठाऊक असतं. ते या जोडीपर्यंत पोचतं का, आणि पोचलं तर कोणाच्या शब्दांत, हे पाहण्यासाठी हा लेख आहे.

विजोड जोडी ही काही दूरचित्रवाणीची निर्मिती नव्हे. होम्स आणि वॉटसन १८८७ पासून आहेत. मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजयाला छोटू होता. या जुन्या जोड्यांतल्या दुसऱ्या माणसाचं काम ठरलेलं : वाचकाच्या मनातला प्रश्न मोठ्यानं विचारायचा आणि उत्तर ऐकून थक्क व्हायचं. १९८५ च्या ‘करमचंद’मध्ये पंकज कपूर गाजर खात विचार करी आणि किटीनं तोंड उघडलं की तिला गप्प करी. १९९३ च्या ‘ब्योमकेश बक्षी’त अजितला निदान लेखकाचा मान मिळाला. तरी फरक बुद्धीचाच होता. एकाला कळतं, दुसऱ्याला कळायचं असतं.

पोलीस ठाणं मराठी घरात आणलं ते दूरदर्शनवरच्या ‘एक शून्य शून्य’नं. शिवाजी साटम आणि बी. पी. सिंग ही नावं तिथूनच पुढे ‘सीआयडी’त गेली. ‘सीआयडी’ १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षं चालली आणि २०२४ मध्ये परतही आली. तिथल्या अभिजीत आणि दया यांना विजोड म्हणता येणार नाही. एक डोकं आणि एक खांदा, दोघांत मैत्री पक्की. दार तुटतं, गुन्हेगार कबूल होतो. पोलिसांसमोर दिलेली कबुली आपल्या कायद्यात पुरावा ठरत नाही, एवढी एकच गोष्ट त्या मालिकेनं मनावर घेतली असती तर तिचे निम्मे भाग अर्ध्यावर थांबले असते. असो.

खरा बदल दिसतो तो २०१८ च्या ‘सेक्रेड गेम्स’मध्ये. सरताज सिंग अधिकारी, काटेकर हवालदार. इथे अंतर बुद्धीचं नाही, पदाचं आहे, आणि त्या पदाला पगार, घर, भाषा, सगळं चिकटलेलं आहे. जितेंद्र जोशीनं काटेकर असा उभा केला की तो बोलायच्या आधी त्याची नोकरी दिसते. वस्तीत शिरताना सरताजच्या आधी त्याचं पाऊल पडतं, कारण गल्ली त्याला माहीत आहे. त्याचे पूर्वग्रहही त्याच्याबरोबरच आत शिरतात, हे मालिका लपवत नाही. मग पहिल्याच पर्वात तो मरतो. ‘पाताल लोक’ (२०२०) मध्ये हाथीराम चौधरी आणि इम्रान अन्सारी यांच्यात वय, धर्म आणि शिक्षण आडवं येतं. २०२५ च्या दुसऱ्या पर्वात अन्सारी आयपीएस होऊन वरिष्ठाच्या खुर्चीत बसतो आणि पदाची उतरंड उलटी होते. नुसत्या नमस्काराच्या पद्धतीतून दोघांमधला संकोच दाखवणारे ते प्रसंग मला अलीकडच्या काळातले उत्तम वाटतात. पण तोही मारला जातो. दुसरा मरतो आणि पहिल्याला कारण मिळतं : पटकथा लिहिणाऱ्यांना ही सवय फार लवकर जडली.

जोडीचा उगम स्वभावात न शोधता भूगोलात शोधणारी मालिका म्हणजे २०११ ची स्वीडिश-डॅनिश ‘ब्रोन’. दोन देशांना जोडणाऱ्या पुलावर, बरोबर सीमारेषेवर एक देह आडवा ठेवलेला असतो. म्हणून दोन देशांचे दोन अधिकारी एकत्र येतात. सागा आणि मार्टिन यांचं न जमणं मग आपोआप येतं. तिथे गुन्ह्यानंच जोडी लावली आहे.

हे पाहताना मला कसाऱ्याची आठवण होणं अपरिहार्य होतं. आमच्याकडे हद्द ही कल्पना नव्हे, दिनक्रम आहे. घाट चढताना शहापूर तालुका मागे पडतो आणि इगतपुरी, म्हणजे नाशिक जिल्हा सुरू होतो. माळशेज ओलांडला की मुरबाड संपून जुन्नर, पुणे जिल्हा. देह रुळावर असेल तर लोहमार्ग पोलीस, रुळाबाहेर गडगडला असेल तर ठाणे ग्रामीण. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. २०२० मध्ये मीरा-भाईंदर आणि वसई-विरार यांचं स्वतंत्र आयुक्तालय झालं तेव्हा ठाणे ग्रामीण पोलिसांकडे शहापूर, मुरबाड, कसारा, किन्हवली, टोकावडे, वाशिंद अशी डोंगराकडची ठाणीच प्रामुख्यानं राहिली. हद्द कोणाचीही असो, गुन्हा आधी शून्य क्रमांकानं नोंदवून मग संबंधित ठाण्याकडे पाठवायचा, ही तरतूद आता २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतच आहे. म्हणजे नाशिकचा एक अधिकारी आणि ठाणे ग्रामीणचा एक, नाइलाजानं एका जीपमध्ये, याला आमच्याकडे कल्पनाशक्ती लागत नाही. नकाशा पुरतो. एवढी तयार जोडी मराठी मालिकांनी अजून उचललेली नाही याचं मला नवल वाटतं.

पण हद्दीपेक्षाही खोल एक विजोडपणा इथे आहे, आणि तो एकाही मालिकेत मी पाहिलेला नाही. ग्रामीण ठाण्यातली मूळ जोडी म्हणजे सांगणारा आणि लिहिणारा. शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्टीत ठाकूर आणि कातकरी पाडे आहेत, खाली कुणबी आणि आगरी वस्ती. आगरी माणूस ‘डोळा’ला ‘डोला’ म्हणतो, ‘गाडी’ला ‘गारी’. ठाकरी त्याहून लांबची. ठाण्यातला लिहिणारा हवालदार मात्र घाटावरचा असू शकतो, खानदेशातला असू शकतो. त्याच्या कागदाची भाषा आणखी तिसरीच, जी कोणाच्याच घरात बोलली जात नाही.

बोली समजते म्हणून मला दोन-तीनदा अशा वेळी ठाण्यात बसवून घेतलेलं आहे. एक म्हातारी सांगत होती की कोंबडा आरवायच्या आधी, हाकेच्या अंतरावर, बांधाकडून माणूस जाताना दिसला. कागदावर उतरलं : ‘पहाटे ५.०० वाजण्याचे सुमारास, अंदाजे १०० मीटर अंतरावर’. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्याला रकाना भरायचा होता. पण कोर्टात हाच कागद उलटतपासणीला येतो. पाच वाजता उजेड होता का, शंभर मीटरवरून चेहरा ओळखता येतो का, असे प्रश्न तिला विचारले जातात. ती घड्याळाचा आकडा बोललेलीच नसते. पोलिसांना दिलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. ते संरक्षण म्हणूनच कायद्यात आहे, कारण कोणाला तरी दमदाटी करून सही घेता येऊ नये. तरी त्याचा एक परिणाम असा, की लिहिलेले शब्द तिचे होते की नव्हते याची खूण कागदावर कुठेच उरत नाही. साक्ष आणि जबाब यांत विसंगती दाखवली की साक्षीदार खोटा ठरतो. तपास इथे फसतो, गोळीबारात नव्हे.

या नजरेनं ‘देवमाणूस’ (२०२०) पुन्हा पाहावी. एसीपी दिव्या सिंग बाहेरून गावात येते आणि बोगस डॉक्टरच्या जाळ्यात सापडते. गावातली सरू आजी म्हणींवर म्हणी फेकत असते. प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं ते विनोदासाठी. पण गावात कोण कधी कुठे गेलं हे जाणणारी बाई आणि परकी अधिकारी, ही खरी विजोड जोडी मालिकेच्या हातात होती. लेखकांनी आजीला पायरीवर बसवून ठेवलं. शिवाय पडद्यावरचं ‘गाव’ म्हटलं की आपल्या वाहिन्यांना सातारा-कोल्हापूरच ऐकू येतं. उत्तर कोकणातली बोली मालिकेत आली तर तिला हशा तरी मिळतो, नाहीतर ती मुळीच येत नाही.

‘मानवत मर्डर्स’ (२०२४) अधिक गंभीर आहे. आशुतोष गोवारीकरांनी रमाकांत कुलकर्णी संयमानं केले आहेत. १९६८ मध्ये रामन राघवचा तपास करणारा हा अधिकारी मुंबईहून परभणी जिल्ह्यात जातो, तेव्हा त्याचा दबदबा त्याच्या आधी पोचलेला असतो. मालिका त्यांच्याच आत्मकथनावर आधारलेली असल्यामुळे गाव त्यांच्या डोळ्यांनी दिसतं, हे ओघानंच आलं. त्याबद्दल तक्रार नाही. मात्र शहरातून आलेला शहाणा माणूस आणि अंधारातलं खेडं ही मांडणी इतकी पक्की झाली आहे, की खेड्यातही तपासाची स्वतःची व्यवस्था होती आणि आहे, हे प्रेक्षक विसरतो. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ चा आहे. त्याखाली नेमलेला पोलीस पाटील गावातल्या अनैसर्गिक मृत्यूची खबर ठाण्याला देतो. आता कितीतरी गावांत हे काम बायका करतात. पंचनाम्याला पंच कोण मिळेल, कोण कोर्टात उभा राहील आणि कोण फिरेल, हे तिला ठाण्याच्या आधी कळतं. मालिकेत ती दिसते ती साहेबांना चहा देताना.

म्हणून कोणी शहापूर-मुरबाडची गुन्हेमालिका काढायची ठरवली तर पहिला भाग घाटात सुरू करायला माझी हरकत नाही. धुकं हवं तेवढं घ्यावं. फक्त पुढच्या प्रसंगात कॅमेरा टोकावड्याच्या ठाण्यातल्या टेबलावर यावा. एका बाजूला अजून पाडा पायाखाली न घातलेला नवा फौजदार, दुसऱ्या बाजूला वीस वर्षं त्या पट्ट्यात असलेली पोलीस पाटील, मध्ये ठाकूर म्हातारी. फौजदार विचारतो, किती वाजले होते. पाटीलबाई त्याच्या हातातलं पेन धरते आणि म्हणते, साहेब, ती बोलली तेच लिवा, कोंबडा लिवा.