शांत रात्रीतील विवादी स्वर

गेल्या आगमनकाळात एका संध्याकाळी गायकवृंदाचा सराव आटोपल्यावर आम्ही मंडळींना थोडा वेळ थांबवून घेतले व एक ध्वनिमुद्रण ऐकवले. गीत सर्वांच्या ओळखीचे होते. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत दिवे मंद करून जे गीत आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो, तेच ‘सायलेंट नाइट’. मूळ जर्मन नाव ‘श्टिले नाख्ट’. मात्र येथे शब्द नव्हते. एक व्हायोलिन आणि एक पियानो, एवढाच सरंजाम. आल्फ्रेड श्निटके या सोव्हिएत रशियातील संगीतकाराने १९७८ साली केलेली ही रचना जेमतेम पाच मिनिटांची आहे.

पहिली ओळ संपेपर्यंत सर्वांच्या चेहऱ्यांवर हसू होते. नंतर एकेकाच्या कपाळावर आठी उमटू लागली. एका तरुणाला वाटले, यंत्र बिघडले. एक मुलगी म्हणाली, “फादर, भुताच्या सिनेमात नाताळ आल्यासारखं वाटतंय.” आमच्या वृंदातील ज्येष्ठ सभासद, निवृत्त शिक्षक, मात्र खरोखर दुखावले. “पवित्र गीताची ही विटंबना आहे,” असे स्पष्ट सांगून ते उठले. मुलीला न्यायला आलेल्या एक बाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत.

आम्ही त्या शिक्षकांना दोष देत नाही. ही रचना प्रथम कानी पडली तेव्हा आम्हीही ती अर्ध्यावर बंद केली होती. खुद्द ऑस्ट्रियात, म्हणजे या गीताच्या माहेरी, तिचे वादन झाले तेव्हा श्रोत्यांत मोठी नाराजी पसरली होती. जे गीत आईच्या कुशीत ऐकले, त्यास कोणी धक्का लावला की माणूस चवताळतो, आणि ते स्वाभाविक आहे. तरीही विटंबना म्हणजे काय, आणि या रचनेत ती खरोखर घडली आहे काय, हे शांतपणे तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम रचनेकडे पाहू. व्हायोलिन एकटेच आरंभ करते. दोन तारा एकदम छेडीत, अगदी साधेपणाने, ओळखीची चाल सुरू होते. थोड्याच वेळात खालच्या तारेवर एक परका स्वर येऊन बसतो. आपल्या संगीतशास्त्रात रागाशी न जुळणाऱ्या स्वरास ‘विवादी’ म्हणतात. तसाच हा स्वर. चाल त्याची दखल न घेता पुढे जाते. पुढे आणखी एक विवादी स्वर येतो, मग आणखी एक. पियानो शिरतो तो साथ देण्यासाठी नव्हे. त्याच्या खर्जातील ठोके दूरच्या घंटेसारखे पडत राहतात, आणि ती घंटा नाताळची की अंत्यविधीची, हे कळेनासे होते. अखेरीस व्हायोलिनचा स्वर खाली खाली घसरत जातो आणि विरून जातो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संगीतकाराने मूळ चालीस हात लावलेला नाही. तिची थट्टा केलेली नाही, तिचे विडंबन केलेले नाही. तिच्या भोवतीचे जग बिघडत जाते आणि ती मात्र आपला मार्ग सोडीत नाही. ज्याला एखाद्या गीताची विटंबना करायची असते, तो त्या गीतालाच वेडेवाकडे करतो. येथे वेडेवाकडे झाले आहे ते गीताच्या आसपासचे. हा भेद पहिल्या ऐकण्यात उमगत नाही, म्हणून तर राग येतो.

हे कोणी लिहिले, तेही पाहावे. श्निटके यांचा जन्म १९३४ साली व्होल्गा नदीकाठच्या एंगेल्स शहरी झाला. वडील ज्यू, आई तेथील जर्मन वंशाची. १९४१ साली स्टालिनच्या राजवटीने व्होल्गाकाठच्या जर्मनांना लाखोंच्या संख्येने सायबेरियात व कझाकस्तानात हद्दपार केले. महायुद्धानंतर, १९४६ ते १९४८ या काळात, वडिलांच्या नोकरीनिमित्त हा मुलगा व्हिएन्नात राहिला आणि तेथेच त्याच्या संगीतशिक्षणास प्रारंभ झाला. ज्या देशात हे गीत घरोघरी म्हटले जाते, तेथील नाताळ त्याने युद्धाने पोळलेल्या शहरात पाहिला. पुढे परतला तो नाताळची सुटीही नसलेल्या देशात. १९७८ मध्ये व्हायोलिनवादक गिडॉन क्रेमर या मित्रास नाताळची भेट म्हणून त्याने ही रचना पाठविली. तोवर त्याचा स्नानसंस्कार झालेला नव्हता. तो कॅथलिक झाला त्यानंतर काही वर्षांनी, १९८०च्या दशकाच्या आरंभी. म्हणजे ही रचना चर्चच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाची आहे. आतील गाणे त्याला ऐकू येते आहे आणि पाठीमागची थंडीही झोंबते आहे.

कोणी म्हणेल, हे सारे विसाव्या शतकाचे दुखणे; त्या भोळ्या गीताशी त्याचा काय संबंध? परंतु ते गीत तरी इतके भोळे आहे काय? त्याचे शब्द योसेफ मोर या तरुण साहाय्यक धर्मगुरूने १८१६ साली मारियाप्फार या डोंगरी गावी लिहिले. नेपोलियनची युद्धे संपून जेमतेम वर्ष झाले होते. त्यातच तांबोरा ज्वालामुखीच्या १८१५ च्या स्फोटामुळे युरोपात उन्हाळाच आला नाही, पिके बुडाली आणि उपासमार झाली. मोर हा स्वतः अविवाहित आईचा मुलगा. बाप सैन्यातून पळालेला. स्नानसंस्काराच्या नोंदीत धर्मपिता म्हणून नाव लागले ते झाल्ट्सबुर्ग शहराच्या जल्लादाचे. अशा जन्मामुळे गुरुदीक्षा घेण्यासाठीही त्याला विशेष परवानगी काढावी लागली. दोन वर्षांनी, २४ डिसेंबर १८१८ रोजी, ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये शाळामास्तर फ्रान्झ झावर ग्रूबर यांनी बांधलेल्या चालीवर ते प्रथम गायिले गेले. दोन आवाज आणि साथीला गिटार.

मूळ गीताची कडवी सहा आहेत. त्यांपैकी तीनच सर्वत्र म्हटली जातात. गळलेल्या कडव्यांपैकी एकात ख्रिस्त जगातील सर्व राष्ट्रांना भावाच्या मायेने कवटाळतो, असा आशय आहे. युद्धाची राख अजून गरम असताना एका गरीब धर्मगुरूने ते शब्द लिहिले. पुढे आपण काय केले? पाळणा ठेवला आणि राष्ट्रे गाळली. गीत गोड होत गेले ते असे. श्निटके यांच्या विवादी स्वरांनी त्या गीतात परकी कटुता ओतली, असे आम्हांस आता वाटत नाही. जी थंडी आणि भूक त्या गीताच्या जन्मवेळी बाहेर उभी होती, तीच त्यांनी पुन्हा ऐकू येईल अशी केली.

तुलनेसाठी आणखी एक प्रयोग सांगतो. १९६६ साली अमेरिकेतील सायमन आणि गारफंकल या गायकद्वयाने हेच गीत अतिशय हळुवारपणे म्हटले आणि त्याखाली सायंकाळच्या सात वाजताच्या बातम्यांचा आवाज ठेवला. व्हिएतनामचे युद्ध, शिकागोत आठ शिकाऊ परिचारिकांची हत्या, मार्टिन ल्यूथर किंग यांचा नियोजित मोर्चा. बातम्यांचा आवाज हळूहळू चढत जातो. प्रथम ऐकताना अंगावर काटा येतो, यात शंका नाही. परंतु दुसऱ्या ऐकण्यात तो काटा बोथट होतो, कारण गीत आणि बातम्या आगगाडीच्या दोन रुळांप्रमाणे शेजारून जातात; कोठे मिळत नाहीत. ऐकणाऱ्यास अर्थ सापडावा लागत नाही, तो हातात दिला जातो. आमच्या काही प्रवचनांचाही हाच दोष असतो. श्निटके यांच्या रचनेत विरोध बाहेरून आणलेला नाही. तो त्याच तारांतून, त्याच चालीच्या पोटातून उमटतो. म्हणून ती कला अधिक खोल, आणि म्हणूनच ती अधिक त्रास देते.

तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. या रचनेस शेवट आहे, पण दिलासा नाही. गव्हाणीतील बाळ रडते एवढे ती सांगते; ते बाळ कोण, हे सांगत नाही. मध्यरात्रीच्या मिस्सेत तिला स्थान नाही, हे आम्ही त्या शिक्षकांना आधीच सांगितले आहे. उपासनेतील गीत हे सर्वांच्या मुखाने म्हणावयाचे असते आणि त्याने विश्वास बोलून दाखवावयाचा असतो. परंतु चर्चचे पंचांग पाहा. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, दगडमार सोसून मेलेल्या संत स्तेफनचा सण आणि २८ तारखेस हेरोदाने मारलेल्या निष्पाप बालकांचा. गोठ्यातील गवत सुकण्याआधीच चर्चमाता आपणांस बेथलेहेमच्या आयांचा आक्रोश ऐकविते. तो विवादी स्वर उपासनेतच आहे. आपण त्या दिवशी नाताळच्या गाठीभेटींत असतो, इतकेच.

आता दाराशी उभ्या राहिलेल्या त्या बाईंविषयी. सर्व मंडळी गेल्यावर त्या आत आल्या आणि म्हणाल्या, “फादर, मला वाटायचं, हे गाणं मला एकटीलाच असं ऐकू येतं.” तीन वर्षांपूर्वी डिसेंबरातच त्यांचा तरुण मुलगा अपघातात गेला होता. अंत्यविधी आम्हीच केला होता. तेव्हापासून त्या मध्यरात्रीच्या मिस्सेस येत नव्हत्या; दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन मागच्या बाकावर बसत. ते गीत सुरू झाले की त्यांना उठून जावेसे वाटे, आणि सगळ्यांच्या आनंदात आपण विघ्न होऊ नये म्हणून त्यांनी येणेच सोडले होते. आम्ही त्यांच्या धर्मग्रामाचे प्रमुख. तीन नाताळ आम्ही वेदीवरून भरलेले चर्च पाहिले आणि समाधान मानले. एक जागा रिकामी आहे, हे आमच्या ध्यानात आले नाही.

या रचनेस आम्ही थोर म्हणतो ते त्यामुळे. तिने त्या बाईंचे दुःख हलके केले, असे आम्ही म्हणणार नाही. तसे त्यांनीही म्हटले नाही. त्यांना जे एकटीला ऐकू येत होते, ते दुसऱ्या कोणीतरी ऐकले होते आणि लिहूनही ठेवले होते, एवढेच त्यांना समजले. आणि आम्हांस समजले की गोड गीत म्हणताना चर्चमध्ये कोण नाही, हे पाहणे धर्मगुरूचे काम आहे.

आमच्या शिक्षकमित्रांचे मत अद्याप बदललेले नाही. ते बदलावे, असा आमचा आग्रहही नाही. नाताळच्या मध्यरात्री त्यांनीच नेहमीप्रमाणे पहिला स्वर दिला. दिवे मंद झाले, लोक गाऊ लागले. त्या बाई आल्या होत्या. दाराजवळच्या खांबापाशी उभ्या होत्या. गीतात त्यांचे ओठ हलले नाहीत, पण गीत संपेपर्यंत त्या तेथून हलल्याही नाहीत.